ऑफिस स्टेशनपास्नं किती लांब आहे, सर?

मुलाखतीला येणारी पोरं हल्ली पगाराचं विचारायच्या आधी हे विचारतात. पुण्या-मुंबईत हा प्रश्न जुनाच, पण मी कोल्हापूरचं सांगतोय. आमचं ऑफिस बावीस जणांचं, फौंड्रीवाल्यांना आणि मशीनशॉपवाल्यांना कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करून द्यायचं काम, आणि गिऱ्हाईक जवळ असावं म्हणून आठ वर्षांपूर्वी मी जागा घेतली ती हायवेला, गोकुळ शिरगावच्या अंगाला. भाडं कमी, पार्किंग मोकळं, लाईट जात नाही, तेव्हा यापेक्षा चांगली जागा मला तरी दिसत नव्हती.

गेल्या वर्षी जयसिंगपूरची एक मुलगी काम सोडून गेली. कामाला एक नंबर, पॅटर्नच्या ड्रॉइंगमधली चूक नुसत्या नजरेनं पकडायची. सकाळी पॅसेंजरनं कोल्हापूर, तिथनं चालत सीबीएस म्हणजे एसटी स्टँड, मग केएमटीची सिटी बस मिळाली तर ती नाहीतर वडापची जीप, आणि शेवटचा तुकडा हायवेच्या कडेनं पायी, असं घरातनं निघाल्यापासून टेबलावर बसेपर्यंत तिचे सव्वादोन तास जायचे. सोडताना ती म्हणाली, सर, गाडीचा त्रास नाही, गाडीत मी बसते, डबा खाते, कधी झोपते, पण स्टेशनपासून पुढचा एक तास रोज जीव खातो. तिच्या आधी मिरजेचे दोघं गेले, हातकणंगल्याचा एक गेला, कारण तेच. चौघांना पगार वाढवून देतो म्हटलं होतं, चौघंही गेले. तेव्हापासून मी या विषयावर बोलतोय, भेटेल त्याला सांगतोय, आणि आता जरा नीट लिहावं म्हणून बसलोय.

कारखाना आणि ऑफिस या दोन गोष्टींना आपण कोल्हापुरात एकाच मापानं मोजतो आणि तिथंच गाडी अडते. फौंड्रीला लागतं ते पिग आयर्न, स्क्रॅप, वाळू, कोक, आणि बाहेर जातं ते कास्टिंग, सगळा टनातला माल, तो ट्रकनं येतो ट्रकनं जातो, म्हणून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी या सगळ्या हायवेला धरून आहेत आणि ते बरोबरच आहे, त्यात कुणाची काही चूक नाही. ऑफिसचा कच्चा माल म्हणजे माणूस. तो रोज सकाळी यायला लागतो आणि रोज संध्याकाळी घरी पोचायला लागतो, कास्टिंगसारखं त्याला गोडाऊनला ठेवता येत नाही. त्यामुळं जिथं जास्तीत जास्त माणसं कमीत कमी त्रासात येऊ शकतात तिथं ऑफिसं जातात, आणि हजारो माणसं एका तासात एका जागी आणून सोडायची ताकद रेल्वेएवढी दुसऱ्या कशात नाही. आमदार-खासदार आयटी पार्क म्हणतात, पोरं आयटी पार्क म्हणतात, सगळे कोल्हापुरातल्या शेंडा पार्कच्या जागेचं नाव घेतात, पण तिथं रोज पाच हजार माणूस येणार कशानं हे कुणी बोलत नाही.

ही अक्कल आपल्याला नवीन नाही हो. कोल्हापूर-मिरज लाईनचा मुहूर्त १८८८ साली झाला आणि १८९१ ला गाडी सुरू झाली, ती संस्थानच्या स्वतःच्या पैशानं बांधलेली लाईन होती. गाडी आल्यावर शाहू महाराजांनी काय केलं तर १८९५ ला स्टेशनच्या बाजूलाच शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ म्हणून. पेठ गावाच्या दुसऱ्या टोकाला काढून मग बैलगाड्यांनी गूळ स्टेशनवर आणा असं नाही केलं, जिथं गाडी तिथं बाजार. नंतर १९१७ ला जयसिंगपूर वसवलं, आपल्या वडिलांच्या नावानं, तेही रेल्वेच्या कडेला, सरळ रेषेत आखलेले रस्ते आणि मधोमध बाजारपेठ. आजसुद्धा जयसिंगपुरात फिरलं की कळतं की हे गाव कुणीतरी आधी कागदावर काढून मग बांधलंय.

आणि फक्त महाराजच नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातनं उठावं लागलं तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना जागा दिली ती कुंडल रोड स्टेशनजवळची, १९१० साली, नुसतं माळरान होतं, पण शेजारी स्टेशन होतं. आज त्या स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी आहे. कऱ्हाडच्या स्टेशनला लागून ओगल्यांचा काचेचा कारखाना निघाला, ती ओगलेवाडी झाली. मिरजेत वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ ला दवाखाना सुरू केला आणि जंक्शन असल्यामुळं पार कर्नाटकातनं पेशंट गाडीत बसून यायला लागले, आजही मिरज दवाखान्यांचं गाव आहे त्याचं एक कारण ते जंक्शन आहे. तेव्हा माल आणि माणूस दोन्ही रेल्वेनंच जायचे म्हणून सगळंच स्टेशनला चिकटून उभं राहिलं. पुढं माल ट्रकवर गेला आणि आपण असं समजून चाललो की रेल्वेचं कामच संपलं, आता ती फक्त मुंबईला जाण्यापुरती आणि तिरुपतीला जाण्यापुरती.

मुंबईकडं बघा. गिरण्या बंद पडल्या आणि त्या जागांवर ऑफिसं आली ती लोअर परळला, कारण एका बाजूला वेस्टर्नचं लोअर परळ, दुसऱ्या बाजूला सेंट्रलचं करी रोड, दोन्हीकडनं माणूस चालत येतो. नवी मुंबईत तर सिडकोनं वाशीचं स्टेशन बांधतानाच वर ऑफिसं काढली, गाडीतनं उतरायचं आणि लिफ्टनं वर जायचं. १९९२ ला वाशीपर्यंत लोकल आली, २००४ ला ठाण्याकडनं ट्रान्सहार्बर सुरू झाली आणि मग ऐरोली, घणसोली, जिथं पूर्वी केमिकलचे कारखाने होते त्या पट्ट्यात काचेच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या. नुसती जमीन स्वस्त होती म्हणून झालं असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो की जमीन तर उरणलाही स्वस्त होती, ऐरोलीच का. डोंबिवली-कल्याणचा इंजिनिअर ठाण्याला गाडी बदलून एक-दोन स्टेशनांत ऐरोलीला उतरतो, हे कंपनीला जागा घेतानाच माहीत होतं.

याची दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. २०१७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं मेली. परळ भागात गिरण्यांच्या जागी ऑफिसं वाढत गेली, माणसं वाढत गेली, आणि पूल तेवढाच राहिला. त्या दिवशी गेलेली बरीच माणसं रोजच्यासारखी कामाला निघालेली होती. स्टेशनजवळ ऑफिस काढा म्हणताना पूल, जिने, फाटकं, फुटपाथ यांचा हिशोब त्याच कागदावर करायचा असतो, नंतर नाही.

आता लोक मला हिंजवडी दाखवतात. रेल्वे कुठं होती तिथं, तरी झालंच ना एवढं मोठं आयटी पार्क. झालं, मान्य. माळरान होतं, जमीन मिळाली, कंपन्यांनी स्वतःच्या बस लावल्या, आणि सुरवातीची वर्षं निघाली. मग काय झालं ते तिथं नोकरी करणारं आपलं प्रत्येक पोरगं गणपतीला घरी आलं की सांगतं, आठ-दहा किलोमीटरला दीड तास, पाऊस पडला तर विचारू नका. मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१८ ला, हिंजवडी ते शिवाजीनगर तेवीस किलोमीटर, म्हणजे पार्क वीस वर्षांचं झाल्यावर. बेंगळुरूत आयटीवाल्या व्हाइटफील्डला मेट्रो पोचली २०२३ ला, तिथंही आधी पाव शतक माणसं रस्त्यावर घालवली. या शहरांना ते परवडलं कारण तिथं नोकरीच एवढी होती की माणूस त्रास काढून पण जायचा. कोल्हापूरला ते परवडणार नाही. आपल्याकडं जो माणूस थांबणार आहे तो पुण्यापेक्षा कमी पगार घेऊन थांबणार आहे, आणि तो कशासाठी थांबेल तर घरचं जेवण, आईबाप जवळ आणि रोजचा त्रास कमी यासाठी. तोच त्रास इथं मिळणार असेल तर तो पुण्याला का जाणार नाही, सांगा बघू.

मग कुठली रेल्वे पाहिजे. या प्रश्नावर माझं आपल्याच लोकांशी सगळ्यात जास्त भांडण आहे.

कोल्हापुरात रेल्वेची मागणी म्हटलं की पुणे आणि मुंबई. सह्याद्री एक्स्प्रेस सुरू करा, वंदे भारत रोज करा, वेळ कमी करा. मागणी चुकीची नाही, मी पण सही केलीय असल्या निवेदनांवर. २०२४ च्या सप्टेंबरात कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली त्याचा आनंद मलाही झाला. पण सुरू झाली तेव्हाचं टाइमटेबल बघा, आठवड्यात तीन दिवस इथनं पुण्याला, सकाळी सव्वाआठला निघून दुपारी दीडच्या सुमारास पोचणार, आणि वेगळ्या तीन दिवशी पुण्याहनं इकडं. म्हणजे सकाळी जाऊन क्लायंटला भेटून रात्री घरी, हे तिच्यावर होतच नाही. शिवाय आपली लाईन पुण्याला जाताना आधी पूर्वेला मिरजेला जाते आणि मग सांगली-कऱ्हाड-सातारा करत वर चढते, सव्वातीनशे किलोमीटरचा फेरा, हायवेनं तेच अंतर अडीचशेच्याही आत. त्यामुळं पुण्याच्या बाबतीत रेल्वे हायवेला हरवेल ही आशा मी तरी धरत नाही.

आणि समजा उद्या तीन तासांत पुणे झालं. तर काय होईल याचा अनुभव जपाननं घेतलेला आहे, तिथं याला स्ट्रॉ इफेक्ट म्हणतात. मोठं शहर आणि लहान शहर यांच्यात जलद गाडी टाकली की ती नळीसारखी काम करते आणि लहान शहरातला रस मोठं शहर ओढून घेतं. शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन झाल्यावर मधल्या शहरांमधल्या ब्रँच ऑफिसांची गरज कमी झाली, टोकियोतनं सकाळी माणूस येतो, मीटिंग करून रात्री परत जातो, मग इथं ऑफिस ठेवायचं कशाला. आपल्या शाहूपुरीत, स्टेशन रोडला, नागाळा पार्कात ज्या इन्शुरन्सच्या, औषधांच्या, बँकांच्या शाखा आहेत त्यांचंही तसंच होऊ शकतं. जलद गाडी नको असं नाही, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवली तर आपण आपल्याच ऑफिसांना बाहेरचा रस्ता दाखवतोय.

जपानचंच अजून एक. शिन-योकोहामा स्टेशन १९६४ ला भाताच्या शेतात बांधलं, बुलेट ट्रेन थांबायची तरी आजूबाजूला कित्येक वर्षं फार काही उभं राहिलं नाही. १९८५ ला शहराची स्वतःची मेट्रो तिथं पोचली आणि जास्त बुलेट गाड्या थांबायला लागल्या, त्यानंतर ऑफिसांचे टॉवर वाढले. नुसती लांब पल्ल्याची गाडी असून भागलं नाही, रोजचा माणूस आणणारी जवळची गाडी लागली. लंडनमध्ये कॅनरी व्हार्फ हा ऑफिसांचा भाग बांधणारी कंपनी १९९२ ला दिवाळखोरीत गेली, मोठमोठ्या इमारती उभ्या होत्या पण रेल्वे पुरेशी पोचली नव्हती आणि भाडेकरू येईनात, १९९९ ला ज्युबिली लाईन ही मेट्रो तिथवर पोचल्यावर त्याच जागेला उठाव आला.

आपल्याकडं ही जवळची गाडी म्हणजे मिरज-कोल्हापूर, पन्नास किलोमीटरच्या आतली लाईन. या लाईनवर काय काय आहे बघा, मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, आणि मार्केट यार्डाजवळ गूळ मार्केटचा हॉल्ट. वळिवडे म्हणजे गांधीनगर, सगळ्या पश्चिम महाराष्ट्राचा कपड्याचा होलसेल बाजार (महायुद्धात पोलंडचे हजारो निर्वासित इथंच छावणीत राहिले होते, तीही याच लाईनच्या कडेला). हातकणंगल्यापासून इचलकरंजी अगदी हाकेवर, एवढं मोठं यंत्रमागाचं शहर पण त्याला स्वतःचं स्टेशन नाही. मिरजेला लागून सांगली. म्हणजे दोन महापालिकांची शहरं, इचलकरंजी धरली तर तीन, आणि मधली दाट गावं, सगळी एका दोरीत ओवलेली. एवढी शिकलेली पोरं एका लाईनवर, गाडीनं तासाच्या आत-बाहेर, असं महाराष्ट्रात मुंबई-पुणे सोडून कुठं आहे मला दाखवा. हा सगळा मिळून एकच मोठा नोकरीचा बाजार होऊ शकतो आणि कंपनी जागा ठरवताना बाजाराचा आकारच बघते. एकट्या कोल्हापुरात त्यांना जावा ही कॉम्प्युटरची भाषा येणारे चाळीस जण मिळतील का याची भीती असते, सांगली-मिरज-इचलकरंजी धरली की ती भीती जाते.

पण लाईन अजून एकेरीच आहे. वायर आल्या, इंजिन विजेचं झालं, रूळ मात्र एकच. समोरनं एक्स्प्रेस येणार असली की पॅसेंजर कुठल्यातरी स्टेशनात वाट बघत उभी, आणि पासवाले घड्याळ बघत उभे. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ दर अर्ध्या-पाऊण तासाला आठ डब्यांची मेमू, म्हणजे जवळच्या पल्ल्याची विजेची गाडी, मिरज-कोल्हापूर-मिरज धावली पाहिजे, आणि त्यासाठी दुसरा रूळ पाहिजे. ही मागणी मी कुठल्याच मोर्चात ऐकत नाही. वंदे भारतच्या पहिल्या दिवशी स्टेशनवर हार घेऊन सगळे होते, पॅसेंजर उशिरा आली म्हणून कुणी पुढारी फलाटावर येत नाही, आणि त्या पॅसेंजरमध्ये रोज बसणारी माणसंच या शहराची दुकानं, दवाखाने, कॉलेजं, ऑफिसं चालवतात.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली, रेल्वे बोर्डाच्या नाही. ऑफिसं कुठं बांधायला परवानगी द्यायची. आपलं स्टेशन शाहूपुरी आणि राजारामपुरीच्या मधोमध आहे, सीबीएस पाच-दहा मिनिटांवर, म्हणजे रेल्वे आणि एसटी दोन्ही चालत. असली जागा नशिबानं मिळते. तरी राजारामपुरीकडनं येणाऱ्या माणसाला वळसा घालून यावं लागतं, परीख पुलाखाली पावसाळ्यात पाणी साठतं, स्टेशन रोडला फुटपाथवर चालायला जागा नाही. स्टेशनभोवती एक किलोमीटरात जुनी गोडाऊनं, बसक्या चाळी, पडक्या वखारी किती आहेत एकदा चालून बघा. तिथं जास्त मजले बांधू द्या, खाली दुकानं वर ऑफिसं, पार्किंगची सक्ती कमी करा कारण येणारा माणूस रेल्वेनं येणार आहे, दोन्ही बाजूंना रुंद पूल काढा. शेंडा पार्कात आयटी पार्क करायचंच असेल तर स्टेशनपासून तिथवर दर दहा मिनिटाला केएमटी ठेवा आणि ती बस आधी सुरू करा, पार्क मागनं.

शेंडा पार्कावरनं आठवलं, मुंबई हायकोर्टाचं कोल्हापुरातलं सर्किट बेंच. १८ ऑगस्ट २०२५ ला कामकाज सुरू झालं, चाळीसहून जास्त वर्षांचा लढा, त्या दिवशी वकील मंडळींच्या डोळ्यात पाणी होतं. बेंच येऊन काही महिने होत नाहीत तोवर सीपीआर दवाखान्याच्या आसपास, भाऊसिंगजी रोडला वकिलांनी चेंबरसाठी खोल्या शोधायला सुरवात केली, भाडी चढली, झेरॉक्सवाले टायपिंगवाले आले. सहा जिल्ह्यांचं कोर्ट आहे हे. सांगली, सातारा, सोलापूरचा पक्षकार कसाबसा रेल्वेनं येऊ शकतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गचा मात्र घाटातनं एसटीत हेलपाटत येतो, कारण कोल्हापूर-वैभववाडी लाईन २०१६ च्या रेल्वे बजेटात मंजूर होऊन अजून कागदावर आहे. आता कायमची इमारत शेंडा पार्कात करायचं चाललंय. केली तर ती ऑफिसं सगळी तिकडं उठणार, आणि सांगलीहून सकाळच्या गाडीनं आलेला म्हातारा पक्षकार स्टेशनवर उतरून रिक्षाला किती देणार हे ठरवणाऱ्यांनी एकदा स्वतः त्या वाटेनं जाऊन बघावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

विमानतळ झालाय, चांगलं झालं, मुंबई-हैदराबादचा साहेब सकाळी येऊन जागा बघून जातो. पण जागा बघायला येणारा एक असतो आणि रोज कामाला येणारे दोनशे असतात.

पुराचंही सांगतो, कारण लोक विचारतात. २०१९ ला आणि २०२१ ला हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि रुकडीच्या पुलापाशी पाणी चढल्यामुळं मिरज-कोल्हापूर रेल्वेही बंद पडली. दोन्ही रस्ते एकदम तुटले. बाहेरची कंपनी हे बघतेच. दुसरा रूळ टाकताना तो पूल उंच झाला तर पावसाळ्यातही शहराला एक दार उघडं राहील, हे एकच कारण पुरेसं आहे खरंतर.

आमची हायवेची लीज मार्चमध्ये संपते. मालक भाडं वाढवत नाही म्हणतोय, उलट अजून एक हॉल देतो म्हणतोय. मी शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर एक जागा बघून आलो, सव्वापट भाडं, लिफ्ट नाही, पार्किंग चार टू-व्हीलरचं. फलाटावरनं चालत सात मिनिटं, मी दोनदा घड्याळ लावून चाललो, एकदा सकाळच्या गर्दीत आणि एकदा पावसात. डिपॉझिट दिलंय, आणि जयसिंगपूरच्या त्या मुलीला फोन केला, ती म्हणाली संध्याकाळची गाडी वेळेवर असेल तर येते सर.